नऊ जीच्या वळणात वैमानिक शुद्धीवर कसा राहतो?

प्रश्न : सुखोईच्या वैमानिकाला ‘नऊ जी’ सोसावे लागतात म्हणजे काय होते? मी नववीत आहे, मला वैमानिक व्हायचे आहे.
– एक विद्यार्थी, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : नऊ जी म्हणजे वजन नऊपट. सत्तर किलोच्या माणसाचा भार क्षणभर ६३० किलो होतो. खरा धोका हाडांना नसून मेंदूला असतो. रक्त पायांकडे ओढले जाते, नजरेतले रंग विटतात, कडा काळवंडतात आणि पुढे शुद्धच हरपते. सराव नसलेला माणूस चार-पाच जीलाच ढेपाळतो.

म्हणून वैमानिक जी-सूट घालतो. वळण घेताच त्यातल्या पिशव्यांत हवा भरते आणि पोट, मांड्या, पोटऱ्या आवळल्या जातात. पुण्याच्या लोहगाव तळावरून २५ नोव्हेंबर २००९ रोजी सुखोईतून उड्डाण करताना तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनीही तो घातला होता. पण नुसता सूट पुरत नाही. पाय-पोटाचे स्नायू घट्ट आवळून दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास घ्यावा लागतो. मला हे तंत्र सुटापेक्षा मोलाचे वाटते. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये गरगर फिरणाऱ्या यंत्रात ते घोटवून घेतात.

विमानाची चौकट असा भार पेलेल अशीच बांधलेली असते, आणि संगणक मर्यादा ओलांडू देत नाही.

तू आत्तापासून मांड्या-पोटाचा व्यायाम कर आणि भरपूर पाणी पी. शरीरात पाणी कमी पडले की ही सहनशक्ती घटते. दहावीच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेसाठी अर्ज भरायला विसरू नकोस.