पाठ १४ : कुंपणाचा खांब

वाचण्यापूर्वी
तुमच्या घरामागे कुंपण आहे का? त्याचे खांब लाकडाचे आहेत की लोखंडाचे? जमलं तर आधी बाहेर जाऊन बघून या, मग पाठ वाचा.

१. कुंपण पडलं त्या रात्री

तुम्ही घरी ज्याला ‘फेन्स’ म्हणता, त्याला मराठीत कुंपण म्हणतात. माझ्या लहानपणी गावाकडे शेताला बाभळीच्या काट्यांचं कुंपण असायचं. गुरं आत शिरू नयेत, एवढंच त्याचं काम. आता मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. इथलं कुंपण वेगळं आहे. ६ फूट उंच, फळीला फळी लावलेलं. आपलं अंगण बाहेरून दिसू नये म्हणून ते लावतात.

दोन वर्षांपूर्वी एका वादळात आमच्या कुंपणाचा मोठा भाग आडवा झाला. ते कुंपण आमचं आणि शेजारच्या आजोबांचं मिळून होतं. त्यांचा कुत्रा बाहेर पडला आणि मोठ्या रस्त्याकडे पळाला. दोन्ही घरांनी ती रात्र टॉर्च घेऊन त्याला शोधण्यात काढली. पहाटे तो सापडला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

सकाळी मी म्हणालो, “केवढा वारा होता!” आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी मोडलेला खांब उचलून मला दाखवला. वरचं लाकूड ठणठणीत होतं. जमिनीलगतचा भाग मात्र इतका कुजला होता की बोटाने दाबल्यावर भुगा पडत होता. दोष एकट्या वाऱ्याचा नव्हता.

२. खांब तिथेच का मोडतो?

लाकूड कुजवणारी बुरशी असते. तिला ओलावा हवा असतो आणि हवाही. खांबाचा वरचा भाग पावसानंतर वाळतो. खूप खोल मातीत हवा कमी असते. पण जमिनीलगत ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून लाकडी खांब बहुतेक वेळा तिथेच आधी कुजतो.

आता वाऱ्याचं गणित करू. दोन खांबांमध्ये ८ फूट अंतर आणि कुंपणाची उंची ६ फूट, म्हणजे ४८ चौरस फूट. ताशी ६० मैल वेगाचा वारा दर चौरस फुटाला साधारण ९ पौंड जोर लावतो. म्हणजे एका खांबावर ४३० पौंडांच्या आसपास जोर येतो! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. आणि या जोराने खांब सगळ्यात जास्त कुठे वाकू पाहतो? जमिनीलगतच.

म्हणजे जिथे ताकद सगळ्यात जास्त लागते, नेमकं तिथेच लाकूड कमजोर होतं. पूर्ण कुंपण लोखंडाचं करायची गरज नाही. फळ्या लाकडाच्या राहू द्या, खांब लोखंडाचे घ्या.

३. कोणता खांब घ्यावा?

दुकानात गेलात की तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, जाडी. कुंपणासाठी गोल पाइप खूप वापरतात. त्याचा बाहेरचा व्यास बहुतेक वेळा २.३७५ इंच असतो. पण बाहेरून सारखे दिसणारे दोन पाइप आतून वेगळे असू शकतात. एकाच्या पत्र्याची जाडी ०.०६५ इंच असते, दुसऱ्याची ०.१३० इंच. पातळ पाइप तारेच्या जाळीच्या कुंपणाला चालतो, कारण जाळीतून वारा आरपार जातो. फळ्यांच्या कुंपणातून तो जात नाही, म्हणून तिथे जाड पाइपच हवा. ओळखायचं कसं? हातात उचलून बघा. ९ फुटी पातळ पाइप साधारण १४ पौंडांचा असतो आणि जाड पाइप २८ पौंडांचा. जाडी ‘गेज’मध्ये लिहिलेली असेल तर जपून वाचा. गेजचा आकडा मोठा, तर पत्रा पातळ!

दुसरी गोष्ट, जस्ताचा थर. नुसतं लोखंड गंजतं. म्हणून खांब वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. थरावर छोटा ओरखडा आला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. नुसता रंग दिलेल्या खांबाला हे जमत नाही. खांब कापावा लागला, तर कापलेल्या टोकाला जस्ताचा रंग लावा. वरून टोपी बसवा, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

तिसरी गोष्ट, आकार. गोल पाइपाला लाकडी आडव्या पट्ट्या जोडायला वेगळे क्लॅम्प लागतात. लाकडी कुंपणासाठी खास बनवलेले, पत्रा दुमडून केलेले खांबही मिळतात. त्यांना स्क्रूसाठी भोकं असतात आणि ते फळीमागे लपवता येतात. शेतात ठोकतात ते ‘टी’ आकाराचे खांब मात्र फळ्यांच्या कुंपणाला घेऊ नका. ते वाकतात.

स्क्रूही जस्ताचा जाड थर असलेलेच घ्या. लाकूड टिकावं म्हणून त्यात तांबं असलेलं औषध मुरवतात आणि त्याने साधे स्क्रू लवकर गंजतात.

४. खड्डा खणण्याआधी

अमेरिकेत खणण्याच्या काही दिवस आधी ८११ या नंबरवर फोन करायचा असतो. मग जमिनीखाली गॅसचे पाइप आणि विजेच्या तारा कुठे आहेत, ते खुणा करून दाखवतात. यासाठी पैसे पडत नाहीत. हा फोन टाळू नका, यात जिवाचा प्रश्न आहे.

खड्डा किती खोल हवा, ते गावावर अवलंबून असतं. जिथे जमीन गोठते, तिथे गोठणाऱ्या थराच्याही खाली जावं लागतं. शिकागोत तो थर ४२ इंच धरतात. आमच्याकडे गोठण्याचा त्रास कमी, पण काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून आम्ही ९ फुटी खांब घेतले आणि ३ फूट जमिनीत पुरले. काँक्रीट मातीच्या थोडं वर आणून त्याला उतार दिला, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही.

५. शेवटी काय केलं?

खरं सांगू? मला लाकडाचेच खांब परत लावायचे होते, कारण ते स्वस्त होते. आजोबा म्हणाले, “फळी कुजली तर एक फळी बदलता येते. खांब कुजला तर सगळंच पडतं.” मला ते पटलं. जुन्या फळ्या चांगल्या होत्या, त्याच परत लावल्या. पैसे वाचले ते खांबांत घातले. त्यानंतर दोन वादळं आली. दोन्ही वेळा कुत्रा अंगणातच होता.

शब्दार्थ
आडवा होणे – खाली पडणे
ठणठणीत – चांगल्या स्थितीत असलेला
भुगा – लाकडाची बारीक पूड
जमिनीलगत – जमिनीला चिकटून
जस्त – गंजापासून वाचवणारा एक धातू
आकसणे – आकाराने लहान होणे
जिवात जीव येणे – काळजी मिटणे

दोन म्हणी
कुंपणच शेत खातं : ज्याने राखण करायची, त्यानेच नुकसान करणे.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत : प्रत्येकाची पोच आपल्या ताकदीपुरतीच असते.

प्रश्न
१. आजोबांनी मोडलेला खांब का दाखवला असेल?
२. सारखे दिसणारे दोन पाइप वेगळे कसे ओळखाल?
३. दोन खांबांमधलं अंतर ८ ऐवजी ६ फूट केलं, तर ताशी ६० मैल वाऱ्यात एका खांबावर किती जोर येईल?
४. शिकागोची मावशी विचारते, “खड्डा २ फूट खणला तर चालेल का गं?” तिला चार वाक्यांत उत्तर लिहा.
५. तुमच्या घरात कोणती गोष्ट ‘खांबासारखी’ आहे, जी दिसत नाही पण सगळं धरून ठेवते? घरच्यांशी मराठीत बोला.