जुनी लोखंडी आरामखुर्ची घेताना

बल्लारपूरच्या सागवानाचे नाव मोठे. त्यामुळे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत जुनी लोखंडी आरामखुर्ची कबाड्याकडे स्वस्तात मिळून जाते. पण रंगाला भुलू नये. आम्ही एकदा भुललो. वडील बसले आणि मागचा पाय वाकला. नळी आतून गंजलेली होती.

तेव्हापासून आम्ही खुर्ची आधी उलटी करतो. पायांची टोके व जोड पाहतो, पाणी तिथेच मुरते. मग लोहचुंबक फिरवतो. पकड सैल लागली, तर रंगाखाली पुट्टी भरलेली समजावी. शेवटी स्वतः बसून पाहतो.

घरगुती रंगातील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. तो कोरडा घासू नये. ओला करून, मास्क लावून, मुलांना दूर ठेवून घासावा. नंतर रेड ऑक्साइड, मग रंग.

कापड हा तर आमचा धंदा. बैठकीला जाड सुती कॅनव्हास घ्यावे, पण भिजवून वाळवल्यावरच कापावे; नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते.

आणि विकणाऱ्या भावांनो, ऐब सांगून विका. त्या खुर्चीत कुणाचे तरी म्हातारे वडील बसणार आहेत.