निर्वैर आणि युद्ध : श्रीकृष्णशिष्टाईच्या अनुषंगाने

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेला अहिंसाधर्म अत्यंत सूक्ष्म आहे. पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा स्वामींच्या आश्रयास आला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही, आणि शब्दानेच त्यांचे मन वळविले. लीळाचरित्रातील ही लीळा पंथातील लहान मुलासही ठाऊक असते. असे असता, त्याच पंथास पूज्य असलेल्या पंचकृष्णांपैकी श्रीकृष्णचक्रवर्ती महाराजांनी गीताशास्त्र निरूपिले ते दोन सेनांच्या मध्ये, आणि धनुष्य खाली ठेवलेल्या अर्जुनास ते पुन्हा उचलावयास लावले. या दोहोंचा मेळ कसा घालावा, अशी शंका उपदेशी मंडळींकडून वारंवार विचारली जाते.

या शंकेस दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, हे युद्ध म्हणजे केवळ रूपक. कौरव म्हणजे विकार, पांडव म्हणजे सद्वृत्ती. साधकाच्या मननास हे रूपक उपकारक आहे खरे. परंतु एवढ्यावर थांबल्यास रणांगणावर खरोखर मेलेल्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसरे उत्तर असे की, आपला पक्ष न्याय्य असला म्हणजे लढावे, गीतेची तशी आज्ञाच आहे. हे उत्तर पहिल्यापेक्षा अधिक घातक होय. भावकीत बांधावरून डोकी फोडणारेही गीतेचे नाव घेताना दिसतात. आणि आपला पक्ष अन्याय्य आहे असे मानून लढणारा मनुष्य तर शोधूनही सापडत नाही.

समाधान प्रकरणावरून करावे. गीता भीष्मपर्वात येते. तिच्यापूर्वी संपूर्ण उद्योगपर्व आहे, आणि ते वगळून गीता वाचणे म्हणजे निवाड्याचा शेवट वाचून साक्षी न वाचणे होय. बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पूर्ण केल्यावर पांडवांचे राज्य त्यांस परत मिळावे, हा त्यांचा हक्क होता. संजय धृतराष्ट्राचा निरोप घेऊन आला तेव्हा युधिष्ठिराने तो हक्क इतका खाली आणला की, पाच भावांस पाच गावे दिली तरी युद्ध होणार नाही, असे कळविले. त्या पाचांत वृकस्थल हे एक गाव होते. पुढे कार्तिक मासी श्रीकृष्णचक्रवर्ती शिष्टाईसाठी हस्तिनापुरास निघाले, तेव्हा वाटेत त्यांनी रात्रीचा मुक्काम केला तो याच वृकस्थली. ज्या गावावर अठरा अक्षौहिणींचे प्राण अडले होते, त्या गावच्या लोकांनी त्या संध्याकाळी त्यांचे आतिथ्य केले. दुर्योधनाने मात्र सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी देण्याचे नाकारले.

विदुराच्या घरी रात्री जो संवाद झाला तो विशेष मननीय आहे. दुर्योधन ऐकणार नाही हे ठाऊक असता आपण आलात कशास, असा विदुराचा आशय होता. श्रीमुखीचे उत्तर असे की, अनर्थ टाळण्याचा यथाशक्ति यत्न करणाऱ्यास यश आले नाही तरी यत्न व्यर्थ जात नाही, आणि समर्थ असून यत्न केला नाही असा दोष लोकांनी ठेवू नये. म्हणजे शिष्टाई हा युद्धाच्या आधीचा उपचार नव्हता. ती फळली असती तर पांडवांचा अर्ध्याहून अधिक हक्क बुडाला असता, आणि तो बुडू देण्याची तयारी होती.

एवढ्यावरही यत्न संपला नाही. सभेत श्रीकृष्णचक्रवर्तींनी कुरुवृद्धांस आणखी एक मार्ग सांगितला : दुर्योधन, कर्ण, शकुनी व दुःशासन या चौघांस बांधून पांडवांच्या स्वाधीन करावे आणि कुळ वाचवावे. यादवांनी कंसाचा त्याग केल्याचे उदाहरणही दिले. चौघांच्या बंधनाने जे निभावते त्यासाठी अठरा अक्षौहिणींचा संहार का करावा, हा त्यातील विचार. भीष्मद्रोणांना तो पटला नसेल असे म्हणवत नाही. त्यांच्याकडून तो झाला नाही एवढे खरे. दुर्योधनाने उलट शिष्टाई करणाऱ्यासच बांधण्याचा घाट घातला.

या सर्वानंतर गीता आहे. तिच्यातही युद्धाची आज्ञा मोकळी दिलेली नाही. तिसऱ्या अध्यायात लढणाऱ्यास ‘विगतज्वर’ हे विशेषण लावले आहे, आणि अकराव्या अध्यायाच्या अंती भक्ताचे लक्षण ‘निर्वैर’ असे सांगितले आहे. ज्वर उतरलेला, वैर नसलेला, असा योद्धा अपेक्षित आहे. असे योद्धे जगात किती निपजतात याचा ज्याने त्याने विचार करावा. बांधावर भांडणाऱ्याने तर अवश्य करावा.

पांडवपक्षासही ही अट शेवटपर्यंत पाळता आली नाही. युद्धारंभी उभय पक्षांनी नियम ठरविले होते : रथ्याने रथ्याशीच लढावे, रण सोडून जाणाऱ्यास मारू नये, सारथी, शस्त्रे वाहणारे, शंख व नौबती वाजविणारे यांवर प्रहार करू नये. तेराव्या दिवशी अनेकांनी मिळून अभिमन्यूस मारले. पंधराव्या दिवशी युधिष्ठिराच्या अर्धसत्याने द्रोणाने शस्त्र ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्याचा शिरच्छेद केला. अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरून झोपलेल्यांस कापून काढण्यास निघाला तेव्हा कृपाचार्यांस त्याने हेच सुनावले की, धर्माची मर्यादा पांडवांनी आधीच मोडली आहे. त्याचे कर्म घोर होते यात शंका नाही. तथापि न्याय्य पक्षाने मोडलेला नियम अन्यायी पक्षाच्या हाती कसे शस्त्र देतो, हे सौप्तिकपर्वाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. द्रौपदीचे पाचही पुत्र त्या रात्री गेले.

युद्ध संपल्यावर काय झाले, याकडे प्रवचनांत बहुधा दुर्लक्ष होते. स्त्रीपर्वात युधिष्ठिराची पहिली आज्ञा आहे ती मृतांच्या संस्काराची. दोन्ही पक्षांचे सर्व, आणि ज्यांचे कोणी उरले नाही तेही. कोणाचेही प्रेत बेवारस राहू नये, म्हणून विदुर, संजय, धौम्य आदींवर हे काम सोपविले. शांतिपर्वात व्यासांनी सांगितले की, मेलेल्या राजांच्या राज्यांवर त्यांचे भाऊ, पुत्र वा नातू बसवावेत, आणि ज्यांस पुत्र नाही त्यांच्या कन्येस अभिषेक करावा. जिंकलेली भूमी आपल्या राज्यात ओढून घेण्याचा विचार येथे नाही. पतिपुत्र गमावलेल्या स्त्रियांच्या रक्षणाची व्यवस्थाही युधिष्ठिराने केली.

अर्वाचीन काळातही याची प्रचीती येते. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. त्याच्या २३१ व्या कलमाने युद्धहानीचा भार जर्मनी व तिच्या साथीदारांवर ठेवला गेला आणि १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. वीस वर्षांत युरोप पुन्हा पेटला. त्यास इतरही कारणे होती, पण अपमानाची आठवण हे इंधन हिटलरला आयते मिळाले. १९४५ नंतर अपराध्यांवर न्यायासनासमोर खटले चालले, परंतु १९४८ पासून अमेरिकेने युरोपच्या उभारणीस जे साहाय्य दिले त्यात पश्चिम जर्मनीलाही वाटा होता. १९५१ मध्ये फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी अन्य चार देशांसह कोळसा व पोलाद यांचा कारभार एका समाईक संस्थेकडे दिला. त्या दोन राष्ट्रांत पुन्हा युद्ध झालेले नाही.

हस्तिनापुरातील शांतीची खरी कसोटी मात्र घरात होती. शंभर पुत्र गमावलेला आंधळा राजा, ज्याच्या दुर्बलतेने हे सर्व घडले, तो विजेत्यांच्या घरी राहिला. धृतराष्ट्राचा मान न राखणारा तो आपला शत्रू, असे युधिष्ठिराने बजावले होते. कुंती व द्रौपदी गांधारीची सेवा करीत. पंधरा वर्षे असे चालले. भीमाच्या मनातील वैर तेवढे गेले नाही. शिष्टाईपूर्वी हाच भीम शांतीसाठी इतक्या मृदुपणे बोलला होता की श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्याची थट्टा केली होती. पुढे तोच धृतराष्ट्रास ऐकू जाईल अशा बेताने दंड थोपटून, याच बाहूंनी अंधाचे पुत्र मारले, असे बोलू लागला. युधिष्ठिरास हे ठाऊक नव्हते. म्हाताऱ्याने वनात जाण्याचे ठरविले.

जाण्यापूर्वी त्याने भीष्मद्रोणांच्या व आपल्या पुत्रांच्या श्राद्धासाठी द्रव्य मागितले. भीमाने विरोध केला : दुर्योधनाच्या श्राद्धास आपले धन कशास? त्यावर धाकटा असूनही अर्जुनाने भीमाची समजूत घातली आणि द्रव्य द्यावे असे म्हटले. गीता ज्याने ऐकली होती, तो हाच. युधिष्ठिराने आपल्या व अर्जुनाच्या भांडारातून हवे तेवढे द्रव्य देवविले, भीमाचे घेतले नाही.

निघण्याच्या दिवशी कुंतीही त्यांच्याबरोबर निघाली. पुत्रांनी विनविले तरी ती परतली नाही. नगराबाहेर पडताना पुढे कुंती होती, तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात होता, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा.