भारवाहकाचा पहिला महिना

गावातील दुकानात येणारे साखरेचे पोते, शाळेत येणारा पुस्तकांचा गठ्ठा किंवा घरी येणारे लहानसे पार्सल, यांपैकी कोणतीही वस्तू आपल्या पायांनी चालत येत नाही. वाटेत रेल्वे असते, मालमोटार असते, क्वचित जहाजही असते. परंतु मालमोटारीत ती वस्तू चढविणारे आणि तेथून ती उतरविणारे हात माणसाचेच असतात. यंत्रे पुष्कळ निघाली, माल वाहून आणणारे सरकते पट्टे आले. तरीही पट्ट्याच्या टोकापासून मालमोटारीच्या आतल्या भिंतीपर्यंतची चार-सहा पावले बहुतेक ठिकाणी अद्याप माणसालाच चालावी लागतात.

या कामाला शिक्षणाची अट नसते आणि पूर्वीचा अनुभवही कोणी विचारीत नाही. त्यामुळे खेड्यातून शहरात आलेला अठरा-वीस वर्षांचा तरुण पुष्कळदा प्रथम याच कामाला लागतो. पाहणाऱ्याला काम सोपे वाटते. ओझे उचलावयाचे आणि ठेवावयाचे. त्यात शिकण्यासारखे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणाला पहिल्या आठवड्यातच मिळते, आणि ते त्याला त्याची पाठ देते.

मुंबईजवळ भिवंडीच्या परिसरात दूरवर गोदामे पसरलेली आहेत. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली पार्सले अशा गोदामांत उतरतात, गावांप्रमाणे वेगळी होतात आणि पुन्हा गाड्यांत चढतात. रात्रपाळीला हे काम विशेष जोरात असते. कारण पहाटेपर्यंत गाड्या रस्त्याला लागल्या, तरच दिवसा माल घरोघर पोहोचतो. पट्ट्यावरून खोकी येत राहतात. एखादे चपलांच्या जोडाइतके हलके, तर एखादे पिठाने भरलेल्या डब्याइतके जड. पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या तरुणाने खोक्यावरील पत्ता पाहावयाचा, खोके उचलावयाचे आणि योग्य त्या गाडीत रचावयाचे. एक रचून होते न होते, तोच दुसरे पुढ्यात उभे! बाजारातील हमालाचे पोते जड असते. येथील ओझे तितके जड नसते, पण ते थांबत नाही. शेजारचा माणूस दमला म्हणजे क्षणभर हात थांबवितो. पट्टा कधी दमत नाही.

नवख्याची पहिली त्रेधा उडते ती या वेगाने. पुढ्यात खोक्यांचा ढीग साचू लागला की त्याची छाती धडधडू लागते. तो घाई करतो. घाईत नागपूरचे खोके गोव्याच्या गाडीत जाते. देखरेख करणारा ओरडतो. आणि त्या ओरडण्याने घाई आणखी वाढते. या फेऱ्यातून सुटण्याचा उपाय अधिक जोराने धावणे हा नव्हे. काय पाहावे आणि काय पाहू नये, हे ठरविणे हा होय.

पत्त्याचेच उदाहरण घ्यावे. भारतीय टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्याच्या शेवटी सहा अंकांचा पिनकोड लिहिण्याची पद्धत सुरू केली. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे वरिष्ठ सरकारी अधिकारी तर होतेच, पण संस्कृत भाषेतील कवीही होते. काव्य आणि अंकांची ही शिस्त एकाच हातून घडावी, ही मोठी गमतीची गोष्ट होय. या सहा अंकांपैकी पहिला अंक देशातील विभाग सांगतो. पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वाटणी करणारा जिल्हा कळतो आणि उरलेल्या तीन अंकांवरून टपालकचेरी समजते. ४०० म्हणजे मुंबई, ४११ म्हणजे पुणे, ४०३ म्हणजे गोवे, ४४० म्हणजे नागपूर. नवखा कामगार संपूर्ण पत्ता वाचू पाहतो आणि मागे पडतो. जुन्या कामगाराची नजर सरळ पहिल्या तीन अंकांवर जाते. नाव, गल्ली, घराचा क्रमांक यांच्याशी त्या क्षणी त्याला कर्तव्य नसते. आठ-पंधरा दिवसांत हे अंक ओळखीचे झाले की पट्ट्याचा वेग तोच असूनही कमी झाल्यासारखा वाटतो.

रचण्याचेही असेच आहे. गवंडी भिंत बांधताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही. वरची वीट खालच्या दोन विटांवर बसवितो. गाडीतील खोकीही तशीच रचावी लागतात. जड व चौकोनी खोकी खाली, हलकी वर, आणि जो माल शेवटी उतरावयाचा तो सर्वांत आधी आत. ज्याने ही भिंत नीट बांधली नाही, त्याला ती ढासळल्यावर दुसऱ्यांदा बांधावी लागते. आणि दुसऱ्यांदा उचललेले खोके पहिल्यापेक्षा जड लागते, हे कोणताही हमाल सांगेल.

आता शरीराकडे वळू. दोन जाड पुस्तके छातीशी धरून उभे राहावे आणि मग तीच पुस्तके हात लांब करून समोर धरावीत. पुस्तकांचे वजन तिळभरही वाढलेले नसते. तथापि थोड्याच वेळात खांदे भरून येतात. हा तरफेचा नियम होय. ओझे शरीरापासून जितके दूर, तितका पाठीच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. कंबरेत वाकून, हात लांब करून जमिनीवरचे खोके उचलणाऱ्याच्या पाठीवर त्या खोक्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. पाठीचा कणा एकावर एक बसविलेल्या मणक्यांचा बनलेला असतो आणि मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. हा ताण त्या चकत्यांना सोसावा लागतो. म्हणून जाणता हमाल कंबरेत वाकत नाही. गुडघ्यात वाकतो, ओझे पोटाशी घेतो आणि मांड्यांच्या बळावर उठतो. मांडीचे स्नायू हे शरीरातील फार मोठे व बळकट स्नायू आहेत. मोठे काम त्यांनाच सांगावे, हे उघड आहे. ओझे हातात असताना तो कंबरेतून वळतही नाही. पावले टाकून सगळे शरीरच वळवितो. नवख्याची पाठ पुष्कळदा उचलताना दुखावत नाही. उचलून झाल्यावर घाईने वळताना दुखावते.

पहिल्या काही दिवसांत अंग ठेचल्यासारखे होते. सकाळी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. ही दुखणी सवयीची असतात. दोन-तीन दिवसांनी ती ओसरतात आणि काही आठवड्यांत स्नायू कामाला तयार होतात. परंतु प्रत्येक दुखणे सवयीचे नसते. कंबरेतून पायात उतरणारी कळ, पायाला येणारी बधिरता, उष्म्याच्या दिवसांत येणारी भोवळ यांना सवय लागत नाही. त्यांना वैद्य लागतो. दुर्दैवाने नेमक्या याच खुणा नवखा लपवितो. आपण कच्चे ठरू, उद्या आपल्याला कोणी बोलावणार नाही, अशी धास्ती त्याच्या मनात असते. ज्याच्या घरी त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जात आहे, त्याची ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. पण या धास्तीपायी पुष्कळांची पाठ तरुणपणीच कामातून जाते, हेही तितकेच खरे आहे.

ओझ्याची ही विद्या आजच्या गोदामांत जन्मलेली नाही. मुंबईच्या मशीद बंदराच्या बाजारात आणि पुण्याच्या भवानी पेठेत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतील डोंगराळ व कोरडवाहू भागांतून माणसे मुंबईला येत आणि माथ्यावर किंवा पाठीवर ओझी वाहत. माथ्यावरून त्यांना माथाडी हे नाव पडले. दोघांनी पोते उचलून द्यावयाचे, तिसऱ्याने ते पाठीवर घ्यावयाचे, आणि फळीवरून आखूड, झपझप पावले टाकीत थप्पीपर्यंत न्यावयाचे. डोक्याखाली चुंबळ, खांद्यावर गोणपाटाची घडी आणि हातात पोते ओढण्याचा लोखंडी हूक, एवढीच त्यांची अवजारे.

हे काम एकट्याने होत नसल्यामुळे हमालांच्या टोळ्या असत आणि आजही असतात. टोळीवर मुकादम असतो. दहा टन धान्याने भरलेली मालमोटार, म्हणजे पन्नास किलोंची दोनशे पोती. चौघांनी ती उतरविली तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास पोती, म्हणजे पंचवीस क्विंटल भार येतो. आणि दिवसाला अशी एकच गाडी येते असे नाही. नवखा दोनशे पोत्यांकडे पाहतो आणि तेथेच खचतो. जुने हमाल त्याला आधी उचलून देण्याच्या कामावर ठेवतात, मग जवळच्या थप्पीवर, आणि उंच थप्पीची फळी त्याला शेवटी देतात. तो धापा टाकू लागला की एखादा वडीलधारा, “पोरा, पाणी पी, मग ये,” असे म्हणून त्याची खेप आपण घेतो. यात दया असते, व्यवहारही असतो. पुष्कळ टोळ्यांत मिळकत सर्वांत सारखी वाटली जाते. एकाची पाठ मोडली तर सर्वांचेच नुकसान होते. म्हणून नव्याला शिकविणे हे सर्वांचे काम ठरते. गोदामात रोजावर आलेल्या तरुणाच्या शेजारी मात्र पुष्कळदा दर आठवड्याला नवाच माणूस असतो. त्याला शिकविण्यात कोणाचे हित गुंतलेले नसते. त्याच्या मनावरचा पुष्कळसा ताण ओझ्याचा नसून या एकटेपणाचा असतो.

तथापि टोळी कितीही एकजुटीची असली तरी तिची एक मर्यादा होती. मजुरी किती आणि केव्हा द्यावयाची, हे व्यापारी व मुकादम ठरवीत. आज एकाच्या दारात, उद्या दुसऱ्याच्या, असे काम असल्यामुळे आजारपणात हमालाकडे पाहण्याची जबाबदारी कोणीच घेत नसे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. कष्टकऱ्यांना स्वस्त व पोटभर अन्न मिळावे म्हणून पुढे १९७४ मध्ये याच पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. ओझे वाहणाऱ्याला भुकेल्या पोटी काम करू देणे म्हणजे चुलीत लाकूड न घालता भात शिजण्याची वाट पाहणे होय. मुंबईत सातारा जिल्ह्यातील अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली. या चळवळींतून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे निरनिराळ्या बाजारांसाठी मंडळे स्थापन झाली. मंडळावर मालक, कामगार आणि शासन अशा तिघांचे प्रतिनिधी बसतात. कामगाराचे नाव मंडळाच्या नोंदवहीत असते. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक रक्कम मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराला द्यावयाची. भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी सुटी, वैद्यकीय मदत या गोष्टी त्या रकमेतून होतात. अनेक मालकांच्या दारी राबणाऱ्या माणसालाही कायम कामगाराचे हक्क मिळावेत, हा त्यामागील हेतू होता.

पोत्याच्या वजनाचाही प्रश्न होताच. पूर्वी शंभर किलोंची पोती बाजारात सर्रास असत. म्हणजे स्वतःच्या वजनाहून कितीतरी अधिक भार हमाल पाठीवर घेई. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये याविषयी एक करार केला. कामगाराच्या प्रकृतीला अपाय होईल इतके ओझे त्याला वाहावयास लावू नये, असे त्यात म्हटले आहे. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचविली आहे. भारताने त्या कराराला २०१० मध्ये मान्यता दिली. पन्नास किलोंचे पोते आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाले आहे.

आजही भार उचलणाऱ्या प्रत्येकाचे नाव एखाद्या मंडळाच्या नोंदवहीत असतेच असे नाही. कंत्राटदारामार्फत रात्रपाळीला लागलेल्या तरुणाला आपले नाव कोठे लिहिले आहे, हे पुष्कळदा ठाऊकही नसते. एका माणसाने जास्तीत जास्त किती वजन उचलावयाचे, जड खोक्याला दुसरा हात मिळणार की नाही, आणि दुखापत झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण देणार, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. एकट्याने विचारण्याचा धीर होत नसेल, तर त्याच दिवशी कामावर आलेल्या आणखी तिघा-चौघांना बरोबर घेऊन विचारावे.