राजानुज्ञा : परदेशात वैद्यकव्यवसायाची परवानगी कशी मिळते?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 'विशिखानुप्रवेशनीय' हा दहावा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. शिक्षण संपवून व्यवसायाच्या मार्गावर पाऊल ठेवणाऱ्या वैद्याची पात्रता तेथे क्रमाने सांगितली आहे. त्याने शास्त्राचे अध्ययन केलेले असावे, अर्थ आत्मसात केलेला असावा, कर्म प्रत्यक्ष पाहिलेले असावे, स्वतः योग्या केलेली असावी. आणि एवढे झाल्यावरही त्यास राजाची अनुज्ञा असावी. ज्ञान व अनुज्ञा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी दुसरी गोष्ट, म्हणजे अनुज्ञा, हा आहे.

हा विषय घेण्यास कारणही तसेच आहे. आपल्या अनेक व्यवसायबंधूंची मुले-मुली परदेशी स्थायिक होत आहेत. 'तेथे गेल्यावर पदवीचे रूपांतर करून देऊ' असे सांगणारे मध्यस्थ त्यांना भेटतात. आमच्या परिचयातील एका वैद्यभगिनीने अशाच आश्वासनावर विसंबून अमेरिकेतील परीक्षेच्या ग्रंथांवर दोन वर्षे व बरीचशी बचत खर्च केली. आयुर्वेदाच्या पदवीवर त्या परीक्षेस बसताच येत नाही, हे तिला अर्ज भरताना कळले. ही दोन वर्षे तिला कोणीही परत देऊ शकत नाही. इतरांची वाचावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. पदवी, नोंदणी व परवाना

पदवी विद्यापीठ देते आणि ती आयुष्यभर आपली राहते. नोंदणी म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेच्या पटावर नाव येणे. परवाना म्हणजे त्या भूमीत प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचा अधिकार. ब्रिटनमध्ये २००९ पासून नोंदणी व परवाना या गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. नाव पटावर असले तरी परवाना नसलेल्या डॉक्टरास तेथे चिकित्सा करता येत नाही. पदवी सीमा ओलांडते, अनुज्ञा ओलांडत नाही, हे सूत्र ध्यानी ठेवल्यास पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

ही व्यवस्था फार जुनी नाही. ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिल १८५८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. १९३० मध्ये या कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता थांबविली. त्यातूनच आपल्याकडे १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट झाला. पुढे मान्यता परत मिळाली. परंतु १९७५ मध्ये ती पुन्हा काढून घेण्यात आली आणि भारतीय पदवीधरांसाठी परीक्षेचा मार्ग सुरू झाला. म्हणजेच, एकदा मिळालेली मान्यताही चिरकाल टिकतेच असे नाही.

२. अमेरिकेतील मार्ग

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली. त्याच शहरात आज ईसीएफएमजी या संस्थेचे मुख्यालय आहे. परदेशी शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासण्याचे कार्य ही संस्था १९५६ पासून करीत आहे. अमेरिकेचा मार्ग चार टप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा पदवीच्या पडताळणीचा. उमेदवाराचे महाविद्यालय मान्य जागतिक सूचीत असावे लागते, आणि प्रमाणपत्राची सत्यता उमेदवाराकडून नव्हे, तर थेट महाविद्यालयाकडून तपासली जाते. दुसरा टप्पा परीक्षांचा. यूएसएमएलई या परीक्षेचा स्टेप १ हा भाग मूलभूत विषयांचा असून जानेवारी २०२२ पासून त्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. स्टेप २ सीके हा चिकित्साज्ञानाचा भाग होय. रुग्णाशी वागण्याचे कौशल्य तपासणारी स्टेप २ सीएस ही प्रत्यक्ष परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली. आता त्यासाठी वेगळे मार्ग व इंग्रजी संभाषणाची परीक्षा आहे.

तिसरा टप्पा सर्वांत कठीण, तो रेसिडेन्सीचा. दरवर्षी मार्च महिन्यात 'मॅच' नावाच्या पद्धतीने उमेदवार व रुग्णालये यांची सांगड घातली जाते. अंतर्वैद्यक किंवा कुटुंबवैद्यक या शाखांत ही उमेदवारी तीन वर्षांची असते. मायदेशी वीस वर्षे नावाजलेला तज्ज्ञही सामान्यतः यातून सुटत नाही. चौथा टप्पा स्टेप ३ व परवान्याचा. परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे मंडळ देते. डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे काही राज्यांनी आता नियम शिथिल करण्यास आरंभ केला आहे. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये, अनुभवी परदेशी डॉक्टरांना तेथील रेसिडेन्सीशिवाय तात्पुरता परवाना देणारा कायदा केला. तथापि तेथेही ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र व परीक्षा टळलेल्या नाहीत.

३. ब्रिटनमधील मार्ग

येथे पहिली कसोटी भाषेची. आयईएलटीएस या परीक्षेत एकूण ७.५ व प्रत्येक विभागात किमान ७ गुण लागतात, अथवा ओईटी ही पर्यायी परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर प्लॅब. तिचा पहिला भाग १८० बहुपर्यायी प्रश्नांचा असून तो भारतातही देता येतो. दुसरा भाग मँचेस्टर येथे होतो. त्यात उमेदवारास एकामागून एक कक्षांत जाऊन रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलावे लागते, तपासणी करावी लागते, दुःखद वार्ता सांगावी लागते. आपल्याकडील अनेक हुशार विद्यार्थी येथे अडखळतात, कारण रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यास स्वतंत्र गुण असतात, याची त्यांना सवय नसते.

४. आपण परक्यांना कसे वागवितो?

परदेशी नियम जाचक वाटू लागले की आपल्या देशाकडे पाहावे. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीयांसाठी २००२ पासून एफएमजीई ही चाळणी परीक्षा आहे. ३०० गुणांपैकी १५० मिळाले तरच उत्तीर्ण. प्रयत्नांना मर्यादा नाही, परंतु बहुसंख्य उमेदवार एकेका वेळी अनुत्तीर्ण होतात. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता झालेली असावी आणि भारतात आल्यावर पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करावी, असे बंधन आहे. थोडक्यात, कोणताही देश परक्या पदवीवर डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही; आपणही ठेवीत नाही.

५. आयुर्वेद पदवीधराचे स्थान

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर वर्णिलेले अमेरिका व ब्रिटनमधील दोन्ही मार्ग आधुनिक वैद्यकाच्या पदवीसाठी आहेत. बीएएमएस पदवीवर ते खुले नाहीत. मात्र याचा अर्थ सर्व द्वारे बंद आहेत असा नव्हे.

नेपाळ व श्रीलंका येथे आयुर्वेदासाठी स्वतंत्र कायदे व परिषदा आहेत. संयुक्त अरब अमिरातीत पारंपरिक चिकित्सेच्या अंतर्गत आयुर्वेद चिकित्सकास परवाना मिळतो. त्यासाठी कागदपत्रांची थेट मूळ संस्थेकडून पडताळणी होते. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ पासून निसर्गोपचारकाच्या राष्ट्रीय उच्च परीक्षेत आयुर्वेद ही चारांपैकी एक मान्य शाखा आहे. जर्मनीत १९३९ च्या कायद्याने 'हाइलप्राक्टिकर' हा वर्ग आहे. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्यास आरोग्य कार्यालयाची परीक्षा देऊन ती अनुज्ञा मिळविता येते. पण परीक्षा शरीररचना, रोगज्ञान व कायद्याची असते, आयुर्वेदाची नव्हे. चिठ्ठीवर मिळणारी औषधे देणे व प्रसूतिकर्म त्यास वर्ज्य आहे.

अमेरिकेत आयुर्वेदासाठी परवाना देणारे एकही राज्य नाही. मिनेसोटा, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांनी मात्र विनापरवाना पूरक उपचारकांस मर्यादित मुभा दिली आहे. कॅलिफोर्नियात २००३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार आपण परवानाधारक डॉक्टर नाही, हे ग्राहकास लेखी कळवून त्याची स्वाक्षरी घ्यावी लागते. शस्त्रकर्म, त्वचा भेदणे, चिठ्ठीवरील औषधे देणे वा बंद करावयास सांगणे हे सर्व निषिद्ध आहे. म्हणजे रक्तमोक्षण तर नाहीच, शिवाय 'मधुमेहाची गोळी सोडा' एवढे वाक्यही कायदेभंग ठरू शकते. ब्रिटनमध्ये आयुर्वेद उपचारकांची वैधानिक नोंदणी नाही. तेथे स्वतः नोंदणीकृत डॉक्टर असल्याचा आभास निर्माण करणे हा १९८३ च्या वैद्यकीय कायद्यान्वये गुन्हा आहे. नावामागे 'डॉक्टर' लावण्याची आपली सवय तेथे महाग पडू शकते.

६. फार्मसीचालकांसाठी

वैद्यास अनुज्ञा मिळाली म्हणजे औषधासही मिळाली असे नाही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल आढळला. त्यानंतर भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून केवळ वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधीचा किमान ३० वर्षांचा वापर, त्यातील सामान्यतः १५ वर्षे युरोपात झालेला, सिद्ध करावा लागतो. त्याची संक्रमणमुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. म्हणून परदेशी गेलेल्या मुलीस वा शिष्यास टपालाने रसकल्प पाठविणे हे वात्सल्य असले तरी शहाणपण नव्हे. पकडले गेल्यास अनुज्ञा तिची जाते.

७. जाण्यापूर्वी

आमच्या सूचना थोडक्यात अशा. प्रथम, कोणत्या देशात, कोणत्या राज्यात व कोणत्या नावाने काम करावयाचे ते ठरवावे. 'परदेश' हा एक देश नव्हे. दुसरे, नियम मध्यस्थाकडून न ऐकता तेथील परिषदेस स्वतः पत्र लिहून विचारावेत व उत्तर जपून ठेवावे. तिसरे, निघण्यापूर्वी राज्य परिषदेकडून सद्वर्तन प्रमाणपत्र, विद्यापीठाकडून गुणपत्रके व अभ्यासक्रमाचा तपशील, आणि आंतरवासितेचा दाखला घ्यावा; परदेशातून हेच कागद मिळविण्यास महिने लागतात. सर्व कागदांवर नाव एकच असावे. विवाहोत्तर नावबदल झालेल्या भगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चौथे, येथील नोंदणीचे नूतनीकरण खंडित होऊ देऊ नये. पाचवे, तेथे मुभा असेल तितकेच करावे.

शेवटी एक विचार. परक्या देशाच्या कसोट्या पाहून अपमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पदवी नसताना पाटी लावून बसलेल्या भोंदूविरुद्ध आपण जेव्हा परिषदेकडे तक्रार करतो, तेव्हा आपणही हेच म्हणत असतो: ज्ञानाचा दावा पुरेसा नाही, तो तपासला गेला पाहिजे. कसोटी रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. आचार्यांनी राजानुज्ञा पात्रतेच्या यादीत घातली, तीही वैद्याची अडवणूक व्हावी म्हणून नव्हे. ती मागावयास संकोच नको, आणि ती नसताना चिकित्सेस हात घालण्याचे धाडसही नको.