गावनकाशातील चौकोन आणि त्रिकोण

मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूरकडे जाताना निमाडचा सखल प्रदेश मागे पडतो, घाट चढावा लागतो आणि माळव्याच्या पठाराच्या कडेशी मानपूर लागते. रस्त्यालगत घराला घर लागून असलेली बाजारवस्ती आणि आसपासच्या डोंगराळ भागात भिल्लांचे फलिये, म्हणजे आपल्या सातपुड्यातील पाडे. फलियात कुटुंबे आपापल्या शेतातच घर बांधतात. अशा मुलखात घरांचा नकाशा करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, घर म्हणावे कशाला आणि ते ओळखावे कसे?

जनगणनेच्या परिभाषेत ज्या इमारतीला अथवा तिच्या भागाला रस्त्याकडून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वार असते, ते एक घर होय. चूल किती, हा प्रश्न कुटुंबे मोजताना येतो. एका वाड्यात तीन भाऊ वेगळे झाले व तिघांनी वेगळी दारे पाडली, तर इमारत एक, घरे तीन. इमारतीचा क्रमांक १० असल्यास घरांना १०(१), १०(२), १०(३) असे क्रमांक मिळतात.

२०११ च्या जनगणनेसाठी घरयादी करताना नजरनकाशात पक्क्या इमारतीस चौकोन व कच्च्या इमारतीस त्रिकोण काढण्याचा प्रघात होता. निवासी इमारतीची आकृती कोरी ठेवीत. केवळ दुकान, शाळा, गोदाम असल्यास ती रेघांनी भरीत. खूण सोपी, परंतु निवाडा सोपा नव्हे. भिंत व छप्पर ही दोन्ही पक्क्या साहित्याची असतील तरच इमारत पक्की. भाजलेली वीट, चुन्यात वा सिमेंटात बसविलेला दगड, काँक्रीट, पत्रा, यंत्रावर घडविलेली कौले हे साहित्य पक्के; माती, कच्ची वीट, बांबू, गवत, नुसता रचलेला दगड हे कच्चे. माळव्यातील हाताने घडविलेली कौलेही त्यामुळे पक्क्यात बसत नाहीत.

येथे शिक्षकबंधूंनी विशेष दक्ष राहावे. खानदेशातील धाब्याचे घर घ्या. (आग्रा रस्त्यावर धाबा म्हटले की प्रवाशाला भोजन आठवते, आमच्या मनात मातीचे सपाट छप्पर आहे.) हातभर जाडीच्या भिंती, सागाची खांडे, वर पांढऱ्या मातीचा थर. ते उन्हाळ्यात थंड राहते, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तरी नियमाने ते त्रिकोणच. उलट चार पत्रे उभे करून पाचवा वर टाकला, की चौकोन! वर्गीकरण साहित्याचे आहे, मजबुतीचे किंवा प्रतिष्ठेचे नाही. मातीच्या घराला कच्चे म्हटल्याने घरमालकाचा उपमर्द होत नाही, हे त्याला समजावून सांगणे हे नकाशा काढणाऱ्याचेच काम.

काही घरमालक लाजेने 'पक्के लिहा' म्हणतात, काही घरकुलाच्या आशेने 'कच्चे लिहा' म्हणतात. जनगणनेतील वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय असून ती योजनेच्या यादीसाठी नसते. परंतु वेगळी सर्वेक्षणे असतात. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणातील बेघर आणि कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या दोन खोल्यांपर्यंतच्या घरांच्या नोंदी आधारभूत धरण्यात आल्या. तेथे चुकीची एक खूण एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षे भोवू शकते. म्हणून ऐकीव उत्तरावर न विसंबता भिंतीला हात लावून पाहावा, छपराकडे मान वर करून पाहावे.

क्रमांक शक्यतो वायव्य कोपऱ्यापासून द्यावेत. मागाहून १० व ११ यांच्यामध्ये एखादी इमारत आढळल्यास तिला १०/१ द्यावा. सर्व आकडे खोडण्याचे कारण नाही. गावठाणात अशी चूक क्वचित होते, पाड्यांत मात्र हमखास होते, कारण ओढ्यापलीकडचे घर रस्त्यावरून दिसत नाही. गावातील जाणत्या माणसास बरोबर घेतल्यास, नव्हे गुराख्याच्या पोरास घेतल्यासही, हे टळते.

डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी काही महिने बाहेरगावी जातात. दाराला कुलूप पाहून ते घर रिकामे लिहू नये. आत भांडीकुंडी असतील आणि माणसे परतणार असतील, तर ते वसते घर होय. शेजाऱ्याकडे चौकशी करावी, क्रमांक दारावर घालावा आणि नकाशात त्याची आकृती इतरांप्रमाणेच काढावी.