वस्त्रांचे कपाट आणि वहाणांचे कपाट : एक अभ्यास

पायातले दारात काढावे, हे आपल्याकडे लहान मुलालाही फार वेळा सांगावे लागत नाही. काढलेले ठेवायचे कोठे, हे मात्र मोठ्यांनाही नीटसे ठरवता आलेले नाही. वाड्यात ओसरी होती, चाळीत गॅलरी होती. सदनिकेत यांपैकी काहीच नसल्यामुळे वहाणांचा ढीग दाराबाहेरच्या सामाईक मार्गात साचतो, आणि आग लागली असता माणसांनी ज्या वाटेने पळायचे, तीच वाट चपलांच्या मांडणीने अडते. आमच्या सोसायटीने मांडण्या आत घेण्याची सूचना लावली, तेव्हा घरात थोडी कुरकुर झाली. पण सूचना योग्यच होती.

आत घ्यायचे म्हणजे दारालगतच्या पॅसेजमध्ये. हा पॅसेज साडेतीन फूट, म्हणजे १०७ सें.मी. रुंद. याच पॅसेजमध्ये जमिनीवर पडलेल्या चपलेवर पाय पडून आमची आजी घसरली होती आणि तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते. वॉकरची खालची रुंदी मोजली, ती ५६ सें.मी. भरली. घरात एक जुने मॉड्यूलर कपाट रिकामे झाले होते. तेच पॅसेजमध्ये उभे करावे असे ठरले. पण त्याची खोली ५८ सें.मी. म्हणजे वाट उरते ४९ सें.मी.ची. कपाट आले असते, पण आजीला स्वतःच्या घराच्या दारापर्यंत जाता आले नसते. प्रस्तुत लेखाचा विषय या अडचणीतून निघाला.

कपड्यांची कपाटे इतकी खोल का असतात? उत्तर साधे आहे. हँगरला अडकवलेला सदरा किंवा कोट बाह्यांसकट आडवा पन्नास-पंचावन्न सें.मी. जागा घेतो. कपाटाची खोली त्यावरून ठरली. तिचा पावलाशी काहीही संबंध नाही. पावलाचे माप वेगळ्या हिशेबाने चालते. आपल्याकडे पुष्कळ काळ रूढ असलेल्या इंग्रजी क्रमांकांत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. त्या जुन्या मापाचे नावच मुळी जवाच्या दाण्यावरून पडले आहे. युरोपीय क्रमांकांत हाच टप्पा दोन-तृतीयांश सेंटिमीटरचा असतो. इंग्रजी हिशेबाने पुरुषांच्या ९ नंबरच्या बुटाचा साचा ११ इंच आणि वर तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे २८.८ सें.मी. लांब असतो. तळव्याची कड धरली तर बूट तीस-एकतीस सें.मी. होतो. तेव्हा ३५ सें.मी. खोलीच्या कपाटात घरातला सर्वांत मोठा बूट मावतो आणि मागे बोटभर मोकळी जागाही राहते. ५८ सें.मी.च्या कपाटात एकामागे एक दोन रांगा लावता येतील, असे कोणी म्हणेल. लावता येतात खऱ्या. परंतु मागच्या रांगेतला जोड पुढच्या दिवाळीलाच दिसतो.

फळी तिरपी लावली तर खोली आणखी कमी होते. तीस अंशांच्या उतारावर ३० सें.मी.चा बूट आडवा २६ सें.मी. जागा घेतो, मात्र त्याला उंची जास्त लागते आणि पुढे अडसर म्हणून पट्टी मारावी लागते. पुढे झुकून उघडणाऱ्या उथळ कपाटांत बूट जवळजवळ उभेच राहतात. अगदी अरुंद वाटेला ती बरी, पण जड बुटांना व लांब चपलांना ती गैरसोयीची होतात. आम्ही सरळ फळ्याच ठेवल्या.

आता कापण्याविषयी. मॉड्यूलर कपाटाच्या बाजूच्या फळ्यांवर आतून छिद्रांच्या दोन उभ्या ओळी असतात. छिद्र ५ मि.मी. व्यासाचे, दोन छिद्रांत ३२ मि.मी. अंतर, आणि पुढची ओळ पुढच्या कडेपासून ३७ मि.मी. आत. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील फर्निचरच्या कारखान्यांत रुजली. अनेक सुया एकाच वेळी फिरवणाऱ्या यंत्रात दोन सुया याहून जवळ बसवणे कठीण होते, असे त्या आकड्याचे कारण सांगतात. कपाट कोणत्याही देशातले असो, बिजागरी आणि फळीच्या खुंट्या बहुधा याच ओळीत बसतात. म्हणून कपाट उथळ करायचे तर ते मागून कापावे, पुढून कधीही नाही. पुढे पट्टी लावलेली कड असते, बिजागरीची छिद्रे असतात. ती सारी जशीच्या तशी राहतात. मागची ओळ मात्र कापलेल्या तुकड्याबरोबर जाते, ती नव्याने पाडावी लागते. आमच्या मिस्त्रींनी यासाठी कापलेल्या तुकड्यावरची जुनी ओळच साचा म्हणून वापरली. नव्या मापाने ती पाडली असती, तर मिलिमीटरभराच्या चुकीने प्रत्येक फळी डुगडुगली असती. वरची व खालची फळी आणि सगळे कप्पेही तेवढेच कापावे लागतात, आणि मागचा पत्रा बसण्याची खाच गेल्यामुळे तो नव्याने ठोकावा लागतो.

येथे एक मोह होतो. हवा खेळावी म्हणून मागचा पत्रा काढूनच टाकावा, असे वाटते. तसे करू नये. पातळ दिसणारा तो पत्राच कपाटाला काटकोनात धरून ठेवतो. तो नसला तर कपाट एका अंगाला कलते व दारे मिटत नाहीत. पत्रा ठेवून त्याला खाली आणि वर रुपयाएवढी भोके पाडावीत. भिंतीच्या तळाशी असलेल्या फरशीच्या पट्टीमुळे कपाट व भिंत यांत एरवी खटकणारी एक-दीड सें.मी.ची फट राहते, तीच येथे हवेची वाट होते.

हवेची ही काळजी परदेशी पुस्तकांत फारशी दिसत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात तिच्यावाचून चालत नाही. कोल्हापुरी चपलेचेच पाहा. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे झाडांच्या साली व हिरडा यांनी कमावलेले असते. असे कातडे दमट, बंद जागेत ठेवले तर थोड्याच दिवसांत त्यावर पांढरी बुरशी धरते. ओला जोड कपाटात जाता कामा नये. तो आधी बाहेर वाळवावा, तोही उन्हात नव्हे, सावलीत. कपाटाच्या फळीलाही पाण्याचे भय आहे. ती लाकडाचा भुसा दाबून केलेली असते. कापलेल्या उघड्या कडेतून पाणी शिरले की ती पावासारखी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. प्रत्येक नव्या कडेला पट्टी चिकटवली, आणि लादी पुसताना पाणी लागू नये म्हणून कपाट १० सें.मी.च्या पायांवर उचलले.

कप्प्यांची उंची ३२च्या पटीतच ठरते. चपला, सँडल यांना चार छिद्रांचे, म्हणजे १२८ मि.मी.चे अंतर पुरते, १८ मि.मी.ची फळी वजा जाता ११ सें.मी. उरतात. बुटांना पाच छिद्रे, १६० मि.मी. पावसाळी गमबुटांना बारा छिद्रे, ३८४ मि.मी. आमचे कपाट ७५ सें.मी. रुंद असल्याने एका कप्प्यात तीन जोड राहतात. तळाशी गमबुटांचा एक, त्यावर बुटांचे तीन आणि वर चपलांचे सात, असे अकरा कप्पे झाले. म्हणजे ३३ जोड. घरातले जोड मोजले तेव्हा २७ निघाले. त्यांतले पाच कोणाचे, हे कोणालाच सांगता आले नाही!

दारांचा प्रश्न शेवटी सुटला. सरकत्या दारांना जास्तीची खोली लागते, ती आमच्यापाशी नव्हती. आणि उघडलेली फळी वाटेत ३७ सें.मी. येते. म्हणून दारे आडवी कापून फक्त वरच्या सात कप्प्यांना ठेवली. रोजचे जोड खालच्या उघड्या कप्प्यांत ठेवायचे, म्हणजे दार उघडण्याची वेळ क्वचितच येते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. खोली कमी केलेले उंच कपाट पुढे कलंडू शकते. २०१६ साली अमेरिकेत एका स्वीडिश कंपनीने सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलावली, ती मुलांच्या अंगावर कपाटे पडून मृत्यू झाल्यामुळे. आमचे कपाट वरच्या बाजूला दोन लोखंडी कोनांनी भिंतीला जखडले आहे. फटीच्या जागी लाकडी ठोकळे भरून, मगच स्क्रू आवळले.

फट धरून आता वाट ७१ सें.मी. उरली आहे. बुटांच्या तीन कप्प्यांतला सर्वांत वरचा आजीला दिला आहे. तो जमिनीपासून सुमारे ८० सें.मी.वर येतो, त्यामुळे तिला वाकावे लागत नाही. चपला घालताना टेकायला एक स्टूल हवे, असे तिचे म्हणणे आहे. ते कोठे ठेवावे, याची मोजमापे सध्या चालू आहेत.